आजीच्या कॉम्प्युटरचं बिऱ्हाड

तुमच्यापैकी कुणी घर बदललंय का? बदललं असेल, तर पहिल्या सकाळची फजिती आठवत असेल. टेम्पोतून सगळं सामान नीट आलेलं असतं, एक चमचाही हरवलेला नसतो. पण चहा करायचा म्हटलं की साखरेचा डबा काही सापडत नाही. जुन्या घरात अंधारातही फडताळात हात घालून अचूक हिंगाची डबी काढणारी आई नव्या ओट्यापुढे पाहुणीसारखी उभी राहते.

गेल्या पावसाळ्यात आमच्याकडे अशीच फजिती झाली. फरक एवढाच, की बदललं ते घर नव्हतं, कॉम्प्युटर होता.

आधी माणसांची ओळख करून देतो. एक माझी आई. तिला आपण आजीच म्हणू या, कारण या गोष्टीतली दुसरी व्यक्ती म्हणजे नववीत शिकणारी माझी भाची, आणि ती तिला आजी म्हणते. आजी साताऱ्याला राहते. शाळेत मराठी शिकवायची. निवृत्त झाल्यावर तिने एक नाद लावून घेतला: जुने शब्द गोळा करायचे. रोवळी, शिंकाळं, कणगी, दुरडी... वस्तू घरातून गेल्या की शब्दही जातात, म्हणून ती ते लिहून ठेवते. शब्द, त्याचा अर्थ, कुणाकडून ऐकला ते गाव आणि एक वाक्य. २०१३ साली मी तिला कॉम्प्युटर घेऊन दिला तेव्हापासून हे सगळं त्यात आहे. चार हजारांवर शब्द झालेत.

पण मधल्या काळात आजीची नजर अधू झाली. समोरच्या गोष्टीचा मधलाच भाग तिला धूसर दिसतो. म्हणून तिच्या कॉम्प्युटरची आम्ही खास मांडणी केली. पडदा काळा, अक्षरं पिवळी, अंगठ्याच्या नखाएवढी. एक कळ दाबली की शब्दांची वही उघडते, दुसरी दाबली की पत्रं, तिसरीवर रेडिओ. कीबोर्ड इनस्क्रिप्ट पद्धतीचा. त्यात स्वर डाव्या हाताला आणि व्यंजनं उजव्या हाताला असतात. ती खाली न बघता टाइप करते. थोडक्यात, आजी कॉम्प्युटर डोळ्यांनी नाही, हातांनी वापरते. हिंगाच्या डबीसारखा!

तर हा कॉम्प्युटर जूनमध्ये मधेच बंद पडायला लागला. दुरुस्तीवाल्याने उघडून पाहिला आणि म्हणाला, "मदरबोर्ड गेलाय. याचे भाग आता मिळत नाहीत. नवाच घ्या." आम्ही नवा घेतला. दुकानातूनच त्यात नवीकोरी ऑपरेटिंग सिस्टिम घालून मिळाली. भाचीने आजीची शब्दांची फाइल पेनड्राइव्हवरून त्यात घातली आणि म्हणाली, "झालं! ये आजी, बस."

आजी बसली. नेहमीची कळ दाबली. काहीच झालं नाही. दुसरी दाबली, तर भलतंच काहीतरी उघडलं. पांढऱ्या झगझगीत पडद्यावर मुंगीएवढी अक्षरं. तिने दोन-तीनदा प्रयत्न केला. मग शांतपणे खुर्ची मागे सारली आणि म्हणाली, "राहू दे गं बयो. मी आपली वहीतच लिहीन."

आजीला वहीतलं स्वतःचं अक्षर आता वाचता येत नाही, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं.

भाचीने मला फोन केला. "मामा, जुन्या कॉम्प्युटरमधलं सगळंच्या सगळं नव्यात नाही का नेता येणार? फायली नव्हे. सगळं! आजीने बटण दाबलं की तेच झालं पाहिजे."

येतं. म्हणूनच आज हा लेख लिहितोय. मात्र त्यात गमतीही आहेत आणि खड्डेही.

भाची काही माझी वाट बघत बसणारी नव्हती. जुना कॉम्प्युटर एका वेळी अर्धा-पाऊण तास चालायचा. तिने त्याला आपली एक टेराबाइटची पोर्टेबल डिस्क जोडली, कॉम्प्युटरमधले सगळे फोल्डर निवडले आणि कॉपी करायला सांगितलं. कॉम्प्युटरने थोडा वेळ मोजदाद केली आणि कळवलं की जागा पुरणार नाही, १२८ टेराबाइटच्या वर जागा लागेल!

"मामा, आजीच्या कॉम्प्युटरची डिस्कच मुळात ५०० गिगाबाइटची आहे. पाव किलोच्या डब्यात साठ किलो तांदूळ कसे काय बसले?"

पाहा हं, गणितही तिने जवळपास बरोबर केलं होतं. डिस्कच्या अडीचशेपट माल! याचं उत्तर असं, की चालू कॉम्प्युटरमध्ये दिसणारे सगळे फोल्डर डिस्कवर नसतात. आजीच्या कॉम्प्युटरवर लिनक्स आहे. लिनक्समध्ये 'प्रॉक' नावाचा एक फोल्डर दिसतो. तो म्हणजे नुसता देखावा. कॉम्प्युटर बंद केला की नाहीसा होणारा. आत्ता कोणकोणती कामं चालू आहेत, मेमरी किती वापरली गेली, हे सगळं लिनक्स तिथे फायलींच्या रूपात दाखवतं. त्यातली 'केकोर' नावाची फाइल तर जास्तीत जास्त जेवढ्या मेमरीचे पत्ते मोजता येतील तेवढा आपला आकार सांगते. तोच हा १२८ टेराबाइटचा आकडा. आरशातलं घर टेम्पोत भरायला निघालेल्या माणसासारखं झालं होतं भाचीचं!

म्हणून पहिला नियम: ज्या ऑपरेटिंग सिस्टिमला हलवायचं, ती झोपलेली हवी. घरात स्वयंपाक चालू असताना कुणी चूल हलवत नाही. यासाठी पेनड्राइव्हवरून चालणारी एक वेगळी, तात्पुरती सिस्टिम वापरतात. कॉम्प्युटर तिच्यावर सुरू करायचा, मग जुनी आणि नवी दोन्ही डिस्क तिच्यासमोर नुसतं सामान म्हणून हजर होतात.

मी शनिवारी साताऱ्याला पोचलो. आम्ही जुन्या कॉम्प्युटरची डिस्क काढली आणि नव्या कॉम्प्युटरच्या आत तिची केबल जोडली. हाताच्या पंजाएवढी, जड, आत खरोखरची तबकडी फिरणारी डिस्क. नवी मात्र च्युइंग गमच्या पट्टीएवढी. आत फिरणारं काहीच नाही. २५६ गिगाबाइटची. म्हणजे घर बदलून आम्ही छोट्या घरात चाललो होतो! पण ५०० पैकी भरलेली जागा होती ६१ गिगाबाइट, त्यामुळे काळजी नव्हती.

"मग आता सरळ कॉपी करू ना?" भाची म्हणाली. "आता तर सिस्टिम झोपलीये."

कॉपी होईल. पण त्या कॉपीवर कॉम्प्युटर सुरू होणार नाही. का? हे समजायला कॉम्प्युटर सकाळी कसा उठतो ते बघायला हवं.

बटण दाबलं त्या क्षणी कॉम्प्युटरला काहीही आठवत नसतं. डिस्क म्हणजे काय, फाइल म्हणजे काय, काही नाही. मदरबोर्डवरच्या एका चिपमध्ये एक छोटा प्रोग्रॅम कायमचा लिहिलेला असतो, तेवढाच जागा होतो. जुन्या कॉम्प्युटरमध्ये त्याला बायोस म्हणतात. बायोसला फायली वाचता येत नाहीत. त्याला फक्त एक गोष्ट येते: डिस्कवरचा अगदी पहिला तुकडा, म्हणजे पहिला सेक्टर उचलायचा आणि त्यात लिहिलंय तसं वागायचं. हा सेक्टर ५१२ बाइटचा. त्यातले शेवटचे २ बाइट म्हणजे शिक्का. ८५ आणि १७० हे दोन आकडे तिथे दिसले तरच बायोस पुढे जातो. त्याआधीच्या ६४ बाइटमध्ये डिस्कच्या कप्प्यांचा तक्ता असतो, १६-१६ बाइटच्या चार ओळी. उरले किती? ४४६. एवढ्या जागेत कॉम्प्युटरला जागं करणाऱ्या प्रोग्रॅमची सुरुवात बसवायची! आपल्या देवनागरीची युनिकोड अक्षरं सहसा तीन-तीन बाइट जागा घेतात. म्हणजे ४४६ बाइटमध्ये १४८ अक्षरं. या लेखाचा पहिला परिच्छेदही त्यात मावणार नाही.

तो एवढासा प्रोग्रॅम आपल्याहून मोठ्या प्रोग्रॅमला उठवतो. तो मोठा प्रोग्रॅम लिनक्सचा गाभा, म्हणजे कर्नल मेमरीत आणतो. कर्नल मग खरी डिस्क शोधून बाकीच्यांना उठवतो. आमच्या लहानपणी एकत्र कुटुंबात पहाटे असंच चालायचं. आजोबा काकांना उठवायचे, काका आम्हाला, आणि आम्ही कुणाच्या तरी अंगावर पाणी ओतायचो.

आता गंमत बघा. हा पहिला सेक्टर कुठल्याच फाइलमध्ये नसतो. कुठल्या फोल्डरमध्ये नसतो. माउसने कितीही 'सिलेक्ट ऑल' केलं तरी तो हाती लागत नाही. फायली सगळ्या आल्या, पण पहाटे उठवणारे आजोबा जुन्याच घरी राहिले! मग पडद्यावर येतं 'नो बूटेबल डिव्हाइस'.

बरं, मग फायलींचा विचार न करता अख्खी डिस्कच पहिल्या सेक्टरपासून शेवटच्यापर्यंत जशीच्या तशी उतरवली तर? तसंही करतात. न्यूझीलंडमधल्या मरी हॅझर्ड यांनी १९९५ साली यासाठी 'घोस्ट' नावाचा प्रोग्रॅम लिहिला. हो, घोस्ट म्हणजे भूतच! पुढे १९९८ मध्ये सिमँटेक कंपनीने तो विकत घेतला आणि 'नॉर्टन घोस्ट' म्हणून तो जगभर गेला. कॉम्प्युटर लॅबमधला एक कॉम्प्युटर नीट तयार करायचा आणि त्याची भुतं बाकीच्यांत सोडायची. आज तैवानमध्ये तयार झालेला 'क्लोनझिला' हा मोफत प्रोग्रॅमही तेच काम करतो.

लिनक्समध्ये तर याहून साधी, दोन अक्षरांची आज्ञा आहे: 'डीडी'. दूरदर्शनशी संबंध नाही! कुठून वाचायचं आणि कुठे लिहायचं, एवढं तिला सांगायचं. ती प्रश्न विचारत नाही, 'नक्की ना?' म्हणत नाही. सांगितलं की सुरू.

या डीडीने मला एक धडा दिलाय. पंचवीसेक वर्षांपूर्वीची गोष्ट. मित्राच्या वडिलांचं किराणा दुकान होतं, हिशेब कॉम्प्युटरवर. डिस्क कुरकुर करत होती म्हणून मी मोठ्या ऐटीत नवी डिस्क आणून जोडली. दोन्ही ४० गिगाबाइटच्या, दोन्ही एकाच बनावटीच्या. डीडीला सांगताना मी 'कुठून' आणि 'कुठे' यांची अदलाबदल केली. अर्धा तास आम्ही दोघं भजी खात बसलो होतो, आणि तिकडे कोरी डिस्क भरलेल्या डिस्कवर उतरत होती. सहा महिन्यांची उधारी पुसली गेली. काका एक शब्दही बोलले नाहीत, उलट मला चहा दिला. ओरडले असते तर बरं झालं असतं. पुढचे दोन रविवार मी त्यांच्या गल्ल्यामागे बसून चिठ्ठ्या जुळवत होतो. काही उधारी शेवटपर्यंत जुळलीच नाही.

म्हणून त्या शनिवारी भाचीला मी आधी वही-पेन घ्यायला लावलं. कुठल्या डिस्कचं नाव काय, आकार किती, तिच्यावरचा नंबर काय. प्रत्येक कप्प्याला एक ओळखक्रमांकही असतो, शून्य ते नऊ आणि इंग्रजीतली पहिली सहा अक्षरं वापरून लिहिलेला, ३२ चिन्हांचा. तोही हाताने लिहायला लावला. "मामा, फोटो काढते ना मोबाइलवर!" "काढ. आणि लिहीसुद्धा." तिने तोंड वाकडं करत सगळं लिहिलं.

मग जुनी डिस्क फक्त वाचण्यापुरती उघडली, म्हणजे चुकूनही तिच्यावर काही लिहिलं जाऊ नये. आणि हलवाहलवीच्या आधी तिची एक पूर्ण नक्कल भाचीच्या पोर्टेबल डिस्कवर घेतली. वेळ किती लागेल? भाचीने गणित मांडलं: सेकंदाला १०० मेगाबाइट, एकूण ५,००,००० मेगाबाइट, म्हणजे ५,००० सेकंद, म्हणजे एक तास तेवीस मिनिटं. प्रत्यक्षात दोन तासांच्या वर गेला. कारण तबकडीचं वाचन बाहेरच्या कडेपासून सुरू होतं. बाहेरच्या मोठ्या वर्तुळात एका फेरीत जास्त मजकूर मावतो, आतल्या लहान वर्तुळात कमी. फिरण्याचा वेग मात्र तोच. त्यामुळे शेवटी शेवटी गती जवळजवळ अर्ध्यावर येते. वर्तुळाच्या परिघाचं सूत्र असं भेटलं! तोवर आजीने आम्हाला थालीपीठ खाऊ घातलं. कॉम्प्युटरकडे ती फिरकली नाही. विचारलंही नाही.

आता खरी हलवाहलव. नवी डिस्क लहान, त्यामुळे आहे तशी उतरवण्याचा मार्ग बंदच होता. शिवाय नव्या कॉम्प्युटरमध्ये बायोसच नाही! त्याच्या जागी यूईएफआय नावाची नवी पद्धत आहे. विंडोज ८ आलं त्या २०१२ सालापासून ती घरोघरी पोचली. जुन्या तक्त्यात सेक्टरचा नंबर ३२ बिटांत लिहायचे, म्हणजे मोठ्यात मोठा आकडा साधारण ४२९ कोटी. त्याला ५१२ ने गुणा, २ टेराबाइटच्या आसपास उत्तर येतं. त्याहून मोठी डिस्क त्या तक्त्यात मावत नाही. यूईएफआय मुळात त्या पहिल्या सेक्टरकडे जातच नाही. त्याला साध्या फायली वाचता येतात. डिस्कवर एक छोटा कप्पा ठेवायचा आणि त्यात उठवणाऱ्या प्रोग्रॅमची फाइल ठरलेल्या नावाने ठेवायची. आजोबा आता ओसरीवर न झोपता खोलीत झोपतात म्हणा ना.

आम्ही नव्या डिस्कवर तीन कप्पे केले: हा छोटा, एक आजीच्या सगळ्या सिस्टिमसाठी मोठा आणि एक 'स्वॅप', मेमरी अपुरी पडली तर वापरायचा. मग 'आरसिंक' या प्रोग्रॅमने तीन लाखांहून जास्त फायली हलवल्या. माउसने का नाही? कारण प्रत्येक फाइलवर तिचा मालक कोण, कुणी वाचायची, कुणी बदलायची, हे लिहिलेलं असतं. साध्या कॉपीत सगळ्यांचा मालक कॉपी करणारा होऊन बसतो. शिवाय काही फायली म्हणजे फाइल नसतातच. 'चौकशी शेजारच्या घरी करावी' अशी नुसती पाटी असते. पाटी पाटीच राहायला हवी, तिच्या जागी अख्खं शेजारचं घर येऊन चालत नाही. आरसिंकला हे सगळं सांभाळायला सांगता येतं.

फायली आल्या. आता पत्ते. आजीच्या सिस्टिममध्ये एक लहानशी यादी आहे. तिच्यात लिहिलंय की अमुक ओळखक्रमांकाचा कप्पा म्हणजे आपलं घर. पण तो क्रमांक जुन्या डिस्कचा! नव्या कप्प्याला नवा क्रमांक मिळालाय. यादी तशीच ठेवली तर नव्या घरात उठलेली सिस्टिम जुनं घर शोधत बसते, आणि सापडलं नाही की काळ्या पडद्यावर थांबते. आम्ही वहीतून बघून यादीतले क्रमांक बदलले. भाची वाचत होती, मी टाइप करत होतो. नंतर उलट करून तपासलं.

आणखी एक गोष्ट राहिली, शिदोरी. कर्नल जागा झाल्याबरोबर त्याला डिस्क वाचायची असते, पण ही डिस्क कशी वाचायची ते शिकवणारा प्रोग्रॅम डिस्कवरच असतो! कोंबडी आधी की अंडं? म्हणून लिनक्स प्रवासाला निघताना एक छोटी पुरचुंडी सोबत घेतं, तिच्यात असे जरुरीचे प्रोग्रॅम बांधलेले असतात. आजीच्या सिस्टिममध्ये या पुरचुंडीत नाना प्रकारच्या डिस्कचे प्रोग्रॅम आधीपासून होते, त्यामुळे नवी पट्टीएवढी डिस्कही तिला ओळखता आली. विंडोज हलवताना पुष्कळदा इथेच ठेच लागते. 'इनॲक्सेसिबल बूट डिव्हाइस' असं लिहिलेला निळा पडदा येतो, तो यासाठीच.

विंडोजचा विषय निघालाच आहे तर पालकांसाठी दोन गोष्टी सांगून ठेवतो. विंडोज १० ला नेहमीची सुरक्षा-अपडेट मिळणं १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबलं, त्यामुळे बऱ्याच घरांत सध्या कॉम्प्युटर बदलायचा विचार चालू असेल. कॉम्प्युटरसोबत आलेल्या विंडोजचा परवाना सहसा त्याच कॉम्प्युटरपुरता असतो. डिस्कची नक्कल केली म्हणून तो नव्या कॉम्प्युटरवर लागू होत नाही. आणि डिस्कला 'बिटलॉकर'चं कुलूप असेल, तर त्याची ४८ अंकी किल्ली आधी शोधून कागदावर उतरवून ठेवा. जुना कॉम्प्युटर बंद पडल्यावर ती शोधायला गेलात तर रडकुंडीला याल. आजीच्या लिनक्सच्या बाबतीत परवान्याचा प्रश्न नव्हता. ते डेबियन लिनक्स आहे. कुणीही, कितीही कॉम्प्युटरवर घालावं.

डेबियनवरून आठवलं. १९९५ सालचा 'टॉय स्टोरी' सिनेमा पाहिलाय ना? डेबियनच्या प्रत्येक आवृत्तीला त्या सिनेमांतल्या एकेका पात्राचं नाव असतं. २०१३ साली आजीकडे होतं 'व्हीझी', म्हणजे तो खोकणारा पेंग्विन. तेव्हापासून दर दोन वर्षांनी मी आवृत्ती बदलत आलो, मांडणी न हलवता. आता आहे 'बुकवर्म', पुस्तकं वाचणारा किडा. आजीला शोभतोय! आणि आठवतंय का, त्या पहिल्या सिनेमातल्या खेळण्यांना कसली भीती असते? अँडीचं घर बदलणार असतं, आणि आपण मागे राहू की काय, ही!

रात्री साडेदहाला आम्ही पेनड्राइव्ह आणि जुनी डिस्क काढली आणि बटण दाबलं.

कंपनीचं चिन्ह आलं. गेलं. काळा पडदा. वर एक पांढरी रेघ लुकलुकत राहिली. पाच सेकंद. दहा. वीस. भाचीने माझा दंड घट्ट धरला. मी तोंडाने "होईल, होईल" म्हणत होतो, पण माझ्या डोळ्यांपुढे किराणा दुकानाचा गल्ला आला होता. तिसाव्या सेकंदाला एक इंग्रजी ओळ उमटली, आणि पाठोपाठ पिवळ्या अक्षरांचा, काळा, आजीचा पडदा!

आम्ही दोघंही ओरडलो. आजी आतून म्हणाली, "काय पडलं गं?"

"काही नाही!" भाची म्हणाली. मग माझ्याकडे वळून कुजबुजली, "पण मामा, एवढी वाट का बघायला लागली? नवी डिस्क तर भराभर चालते ना?"

मी म्हणालो, "अगं सुरू झालं ना? पहिल्यांदा लागतो वेळ." खरं सांगायचं तर मला झोप आली होती. तिने बंद करून पुन्हा सुरू केलं. पुन्हा तीस सेकंद. तिसऱ्यांदा केलं. पुन्हा तीस. "पहिल्यांदा नाहीये मामा. आणि दर वेळी तीसच कसे? कुणीतरी मोजून वाट बघतंय."

बरोबर होतं तिचं! त्या इंग्रजी ओळीचा फोटो काढून आम्ही वाचला. 'गेव्ह अप वेटिंग फॉर सस्पेंड/रिझ्यूम डिव्हाइस'. म्हणजे 'वाट बघून नाद सोडला'. पण वाट कुणाची?

कॉम्प्युटर गाढ झोपवता येतो. झोपायच्या आधी तो आपल्या मेमरीतलं सगळं स्वॅपच्या कप्प्यात लिहून ठेवतो. उठल्यावर आधी तिथे बघतो, काल काय करत होतो ते आठवायला. तो कप्पा कुठला, हे कुठेतरी लिहिलेलं असणार. पण यादीतला स्वॅपचा क्रमांक तर मी बदलला होता. मी चक्रावलो. भाचीने वही उघडली, जुन्या स्वॅपच्या क्रमांकाची पहिली आठ चिन्हं वाचली आणि म्हणाली, "हा नंबर कुठे कुठे लिहिलाय ते शोधता येईल का सगळ्या फायलींत?"

येतं. 'ग्रेप' नावाची आज्ञा नेमकं तेच करते. सेटिंगच्या सगळ्या फायली तिने धुंडाळायला लावल्या. एकच फाइल सापडली. शिदोरी बांधणाऱ्या प्रोग्रॅमची, आत एकच ओळ, आणि त्या ओळीत जुना क्रमांक! मी ती साफ विसरलो होतो. रोज सकाळी उठून ती बिचारी सिस्टिम जुन्या घरातल्या उशीखाली ठेवलेली चिठ्ठी शोधत होती. भाचीने ओळ बदलली, शिदोरी नव्याने बांधायची आज्ञा दिली, बटण दाबलं. अकरा सेकंदांत पिवळी अक्षरं. तिने घड्याळ लावून मोजले.

सकाळी आजी पूजा आटोपून आली. आम्ही काही बोललो नाही. भाचीने नुसती खुर्ची ओढून दिली. आजीने हात कीबोर्डवर ठेवले, चाचपले, नेहमीची कळ दाबली. शब्दांची वही उघडली. शेवटचा शब्द जूनमधला होता. त्याच्याखाली तिने टाइप केलं, 'बिऱ्हाड', आणि अर्थ लिहायला लागली. चार-पाच ओळी झाल्यावर थांबली.

"का गं आजी? चुकलं काही?"

"नाही गं. सगळं जागच्या जागी आहे." आजीने कान कॉम्प्युटरजवळ नेला. "पण हा चालू आहे ना? मघापासून याचा आवाजच येत नाहीये."

जुनी डिस्क फिरायची त्याची घरघर तिला दहा-बारा वर्षं सोबत होती. तेवढी काही आम्हाला हलवता आली नाही. ती डिस्क तारीख घालून, कापडात गुंडाळून आजीच्या गोदरेजच्या कपाटात ठेवलीये. वर्षभर तिला कुणीही हात लावायचा नाही, असं भाचीने चिठ्ठीवर लिहून वर चिकटवलंय.